शेवटचे तीनशे मीटर: १९९८ च्या जागतिक रॅली अजिंक्यपदाची अखेरची फेरी

घाटमाथा

रॅलीच्या अखेरच्या फेऱ्यांचा विषय निघाला की सर्वांत थरारक फेरी कोणती यावर दहा जणांची दहा मते पडतात. सर्वांत क्रूर कोणती, असे विचारले तर मात्र बहुतेक जण ब्रिटनच्या १९९८ च्या रॅलीचेच नाव घेतात. दुसऱ्या एका धाग्यावर या फेरीचा ओझरता उल्लेख झाला आणि तिथे दोघातिघांनी ‘साइन्झ तीनशे मीटरांनी हरला’ असे लिहिले. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे आणि ते मला कधीच पूर्णपणे पटलेले नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

ज्यांना ती फेरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. त्या वर्षी जागतिक अजिंक्यपदाच्या तेरा फेऱ्या, म्हणजे तेरा रॅली होत्या आणि गुण फक्त पहिल्या सहा जणांना मिळत: १०, ६, ४, ३, २, १. बाराव्या फेरीअखेर मित्सुबिशीचा फिन्निश चालक टॉमी माकिनेन ५८ गुणांवर होता, तर टोयोटा कोरोलाचा स्पॅनिश चालक कार्लोस साइन्झ ५६ गुणांवर. तिसऱ्या स्थानावरील कॉलिन मॅक्रे इतका मागे होता की ब्रिटनची रॅली जिंकूनही तो या दोघांना गाठू शकला नसता. म्हणजे लढत सरळसरळ दोघांचीच होती. माकिनेन आधीची दोन वर्षे लागोपाठ विजेता होता. साइन्झने १९९० आणि १९९२ मध्ये अजिंक्यपद मिळवले होते आणि तिसऱ्यासाठी तो सहा वर्षे झगडत होता.

रविवार, २२ नोव्हेंबरला रॅली सुरू झाली. ब्रिटनच्या या रॅलीचा पहिला दिवस त्या काळी प्रेक्षकांसाठी राखलेला असे. उमरावांच्या वाड्यांभोवतीची उद्याने, शर्यतीचे ट्रॅक, वाहनांची चाचणी घेण्याची मैदाने अशा ठिकाणी छोट्या छोट्या स्टेजेस, म्हणजे घड्याळ लावून पार करायचे टप्पे, होत आणि चालक मंडळी त्यांची ‘मिकी माउस स्टेजेस’ म्हणून टिंगल करत. बेडफर्डशरमधील मिलब्रुक हे असेच एक चाचणी मैदान. तिथे जुन्या गाड्यांच्या रॅलीतील एका हिलमन इम्पचे तेल रस्त्यावर सांडले होते. त्या तेलावरून माकिनेनची मित्सुबिशी लान्सर घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली आणि तिचे मागचे चाक उखडले. त्याने तीन चाकांवर गाडी पुढे रेटायचा प्रयत्न केला, पण सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांनी त्याला अडवले. रॅली संपायला दोन दिवस असतानाच त्याचा हंगाम तिथे संपला.

साइन्झपुढे आता सोपे गणित उरले होते. चौथा क्रमांक म्हणजे तीन गुण, म्हणजे एकूण ५९, म्हणजे अजिंक्यपद. पुढचे दोन दिवस त्याने वेल्सच्या जंगलांतून हे गणित जपत गाडी चालवली. मॅक्रेचे इंजिन गेले, मित्सुबिशीचाच रिचर्ड बर्न्स आघाडीवर आला, फोर्डचे युहा कांकुनेन आणि ब्रुनो टिरी त्याच्या मागे राहिले आणि चौथ्या क्रमांकावर साइन्झ. मंगळवारी, २४ नोव्हेंबरला, मार्गमच्या जंगलातील अगदी शेवटच्या स्टेजमध्ये, अंतिम रेषा साधारण तीनशे मीटरांवर असताना कोरोलाचे इंजिन फुटले. कनेक्टिंग रॉड तुटला होता. शेजारी बसून रस्ता सांगणारा को-ड्रायव्हर लुइस मोया ओरडत राहिला: ‘त्राता दे आरांकार्लो, कार्लोस, पोर दिओस!’ गाडी सुरू करायचा प्रयत्न कर, कार्लोस, देवासाठी कर, असा त्याचा अर्थ. स्पेनमध्ये हे वाक्य आता म्हणीसारखे वापरले जाते. गाडीतून उतरल्यावर मोयाने संतापाने आपले हेल्मेट कोरोलाच्या मागच्या काचेवर फेकले आणि काच फोडली. तिकडे रविवारीच सामानसुमान आवरायला घेतलेला माकिनेन त्यानंतर एकही मीटर गाडी न चालवता लागोपाठ तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला.

आता माझा मुद्दा. बारा फेऱ्यांतील साइन्झचे ५६ गुण कसे जमले ते पाहा. माँटे कार्लो आणि न्यूझीलंड येथे दोन विजय. स्वीडन, पोर्तुगाल, अर्जेंटिना, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथे पाच दुसरे क्रमांक. ग्रीस आणि सान रेमो येथे दोन चौथे. यांपैकी मार्च महिन्यातील पोर्तुगालची रॅली तो मॅक्रेकडून अवघ्या २.१ सेकंदांनी हरला. अख्ख्या रॅलीनंतर २.१ सेकंद! तिथे सहाऐवजी दहा गुण मिळाले असते तर ब्रिटनला येताना तो ६० वर आणि माकिनेन ५८ वर असता, आणि माकिनेन मिलब्रुकला बाद झाल्यावर मार्गमला इंजिन फुटो की न फुटो, अजिंक्यपद साइन्झचेच होते. मग तो तीनशे मीटरांनी हरला म्हणायचे, की २.१ सेकंदांनी?

टाचणी

लेख उत्तम, परंतु आपले शेवटचे वाक्य तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. पोर्तुगालमध्ये साइन्झ जिंकला असता तर पुढच्या नऊ फेऱ्या जशा झाल्या तशाच झाल्या असत्या, हे कशावरून? चार गुण जास्त हाताशी असलेला चालक वेगळ्या पद्धतीने गाडी चालवतो, मागे पडलेला अधिक धोका पत्करतो. हंगामातील एक वीट काढून बाकीची भिंत जागच्या जागी उभी राहील असे मानणे सोयीचे आहे, बरोबर नाही. त्याउलट मार्गमनंतर काहीच शिल्लक नव्हते. तिथे ‘तर पुढे काय झाले असते’ हा प्रश्नच येत नाही. म्हणून लोक तीनशे मीटर म्हणतात आणि माझ्या मते योग्यच म्हणतात.

गंगापूर रोड

मी स्वतः मोटारशर्यतीत उतरलेलो नाही, पण नाशिकला राष्ट्रीय रॅली होत असे तेव्हा दोन वेळा स्टेजवर मार्शल म्हणून उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे बहुतेकांना रॅली म्हणजे वेळ आणि अंतर यांचा मेळ घालायची टीएसडी रॅली एवढेच ठाऊक असते, त्यामुळे ‘शेवटच्या फेरीत दोघांची लढत’ म्हटले की दोन गाड्या शेजारी शेजारी धावत आहेत असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. चालकाला प्रतिस्पर्धी दिसत नाही. त्याच्या समोर असतो तो रस्ता, आणि कानात को-ड्रायव्हर वाचत असलेल्या पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांची टिपणे. प्रतिस्पर्धी कुठे आहे हे त्याला स्टेज संपल्यावर कागदावरून किंवा रेडिओवरून कळते.

साइन्झची परिस्थिती तर त्याहून विचित्र होती, कारण त्याचा खरा प्रतिस्पर्धी रविवारपासून रॅलीतच नव्हता. मग सोमवार आणि मंगळवार तो कोणाशी झुंजत होता? मला वाटते, स्वतःच्या गाडीशी आणि स्वतःच्या उजव्या पायाशी. पहिल्या क्रमांकासाठी गाडी चालवणाऱ्याला एकच काम असते. चौथा क्रमांक जपणाऱ्याला मात्र मागच्याने गाठू नये इतका वेग ठेवायचा असतो आणि गाडी जपायची म्हणून त्याहून अधिक ठेवायचा नसतो. स्टेजवर उभे राहून नुसता गाडीचा आवाज ऐकला तरी हा फरक कळतो. जपून चालवणाऱ्याची ब्रेक मारण्याची जागा दर वळणाला बदलते आणि तेवढ्यानेच त्याच्या चुका वाढतात. साइन्झने मात्र तशी एकही चूक केली नाही. यंत्राने केली.

अबोली

एक बाळबोध शंका आहे. फक्त तीनशे मीटर उरले होते ना? मग दोघांनी उतरून गाडी ढकलत का नेली नाही? विचारल्याबद्दल हसू नये.

घाटमाथा

अबोलीताई, हसण्यासारखे यात काही नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून विचारला जात आहे. त्या काळच्या डब्ल्यूआरसी, म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या, गाडीचे नियमाने ठरलेले किमान वजन १,२३० किलो होते आणि मार्गमचा रस्ता म्हणजे जंगलातील खडीचा, नोव्हेंबरच्या ओलीचा रस्ता. दोन माणसांनी तिथे ती गाडी रेषेपर्यंत लोटली असती असे समजू, तरी काम तिथे संपत नाही. स्टेज संपल्यावर पुढच्या नियंत्रण ठाण्यांपर्यंत, म्हणजे अखेर रॅली जिथे संपते तिथपर्यंत, गाडी स्वतःच्या बळावर सार्वजनिक रस्त्याने जावी लागते. रॅलीचे मुख्यालय चेल्टनहॅमला होते. मार्गमपासून ते शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. इंजिनात रॉड तुटून भोक पडलेली गाडी तेवढे अंतर जाणार कशी? गाडी थांबली त्या क्षणी मोया ‘सुरू कर’ म्हणत होता ते यामुळेच. ढकलण्याचा पर्याय त्याच्याही मनात आला नसावा.

टाचणी, आपला आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. विटेची उपमा घ्यायची तर मार्गमची वीट शेवटची होती म्हणून ती दिसते, एवढेच. भिंत मात्र सगळ्याच विटांवर उभी होती.

गणितमास्तर

सकाळपासून धागा वाचतो आहे. भावनेचा भाग आपण सगळ्यांनी छान मांडला आहे, मी थोडी आकडेमोड करतो.

माकिनेनचे ५८ गुण असे: स्वीडन, अर्जेंटिना, फिनलंड, सान रेमो आणि ऑस्ट्रेलिया असे पाच विजय, म्हणजे ५०, कातालुन्या आणि न्यूझीलंड येथे दोन तिसरे क्रमांक, म्हणजे ८. बस्स. उरलेल्या फेऱ्यांत शून्य. म्हणजे तेरांपैकी सात फेऱ्यांत गुण मिळवून तो विजेता झाला. साइन्झने नऊ फेऱ्यांत गुण मिळवले आणि तो हरला.

आता २००३ पासून लागू झालेली गुणपद्धत घेऊ, ज्यात पहिल्याला १० आणि दुसऱ्याला ६ ऐवजी ८, तिसऱ्याला ६, चौथ्याला ५ असे आठव्यापर्यंत गुण होते. तिच्या हिशेबाने बारा फेऱ्यांअखेर माकिनेनचे ५० अधिक १२, म्हणजे ६२ होतात. साइन्झचे २० अधिक ४० अधिक १०, म्हणजे ७०, आणि यात सातव्या-आठव्या क्रमांकाचे गुण मी धरलेलेच नाहीत. माकिनेन मिलब्रुकला बाद झाला त्याच क्षणी साइन्झ विश्वविजेता ठरला असता. त्याहून पुढची २५, १८, १५, १२ अशी गुणपद्धत लावली तर माकिनेन १५५ आणि साइन्झ किमान १६४.

सारांश एवढाच की साइन्झ तीनशे मीटरांनी हरला नाही आणि २.१ सेकंदांनीही नाही. पहिला आणि दुसरा यांच्यात चार गुणांचे अंतर ठेवणाऱ्या नियमाने तो हरला. पाच वेळा दुसरा येणे त्या नियमात फारसे मोलाचे नव्हते.

टाचणी

मास्तर, आकडे बिनचूक आहेत, पण माझा मघाचाच आक्षेप आपल्यालाही लागू पडतो. चालक गुणपद्धत पाहून गाडी चालवतात. दुसऱ्या क्रमांकाला आठ गुण असते तर माकिनेननेही काही ठिकाणी हात आखडता घेतला असता. १९९८ मध्ये जिंकण्याला मोल होते म्हणून त्याने जिंकण्यासाठी गाडी चालवली, पाच वेळा जिंकला, दोनदा तिसरा आला आणि उरलेल्या वेळी बाद झाला. नियम ज्याला नीट कळला त्याला अजिंक्यपद मिळाले, त्यात अन्याय कोणता?

आणि एक विसरू नये. अकराव्या फेरीनंतर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला जाताना, साइन्झ ५० आणि माकिनेन ४८ असे चित्र होते. दोन गुणांनी पुढे असलेल्या साइन्झला माकिनेनने तिथे समोरासमोर हरवले. पहिला माकिनेन, दुसरा साइन्झ. हॉटेलात बसून विजेता झालेला माणूस म्हणून त्याची जी थट्टा होते ती मला म्हणूनच आवडत नाही. हॉटेलात तो बसला होता हे खरे, पण ५८ गुण हॉटेलात मिळालेले नव्हते.

उलटा काटा

सगळेच साइन्झच्या दुर्दैवाबद्दल लिहीत आहेत, म्हणून मी थोडे उलट लिहितो. ब्रिटनच्या या जंगलांनी साइन्झकडून पुष्कळ घेतले हे खरे आहे. १९९१ मध्ये याच अखेरच्या फेरीत कांकुनेनने त्याला मागे टाकले. १९९४ मध्ये डिडिए ओरिओलचा पाठलाग करताना तो इथेच रस्ता सोडून गेला. १९९५ मध्ये तो आणि त्याच्याच सुबारू संघातील मॅक्रे प्रत्येकी ७० गुणांवर बरोबरीत इथे आले आणि मॅक्रेने त्याला ३६ सेकंदांनी हरवून अजिंक्यपद नेले. चौथी वेळ १९९८ ची.

पण १९९२ चे काय? त्या वर्षी ओरिओलने लान्शियातून सहा फेऱ्या जिंकल्या होत्या. अखेरच्या फेरीला ओरिओल, कांकुनेन आणि साइन्झ असे तिघे दावेदार होते. तिथे ओरिओलचे इंजिन गेले, साइन्झने रॅली जिंकली आणि दुसरे अजिंक्यपद पटकावले. सहा फेऱ्या जिंकणारा माणूस इंजिनामुळे वर्षाअखेर तिसरा राहिला. त्याच्यासाठी मात्र कोणी धागा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्या ओरिओलला १९९८ मध्ये टोयोटा संघात साइन्झचा सहकारी म्हणून हे सगळे पाहावे लागले, यातील योगायोग मला मार्गमच्या तीनशे मीटरांइतकाच मोठा वाटतो.

घाटमाथा

१९९२ चा उल्लेख माझ्याकडून राहायला नको होता. मनःपूर्वक आभार. खरे तर माझ्या मूळ लेखातील ‘क्रूर’ हा शब्द त्यामुळे थोडा सैल करावा लागेल.

वेल्सवासी

मी गेली चौदा वर्षे कार्डिफजवळ राहतो आणि मार्गमला अनेकदा गेलो आहे, म्हणून जागेविषयी थोडे लिहितो. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला वाटते की हे कुठल्या तरी निबिड अरण्यात घडले. प्रत्यक्षात मार्गमचे वनक्षेत्र एम-४ या महामार्गाला लागून आहे. पायथ्याशी मोठे उद्यान आणि त्यात एकोणिसाव्या शतकातील गढीवजा वाडा आहे, आणि पलीकडे पोर्ट टॅलबटचा पोलाद कारखाना, जो २००७ पासून आपल्या टाटांकडे आहे आणि ज्याची शेवटची झोतभट्टी २०२४ च्या सप्टेंबरात बंद झाली. जंगल म्हणजे लाकडासाठी ओळीने लावलेली सूचिपर्णी झाडे. त्यांच्यामधून लाकूड वाहून नेण्यासाठी केलेले खडीचे रस्ते जातात. रॅलीच्या स्टेजेस होतात त्या याच रस्त्यांवर.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की या रस्त्यांचे वैशिष्ट्य पेस नोट्समध्ये पूर्णपणे उतरत नाही. वरची खडी टणक असते, पण पावसानंतर तिच्यावर चिखलाचा पातळ थर बसतो आणि झाडांची सावली दिवसभर हटत नसल्याने तो वाळतच नाही. कोरडा वाटणारा एखादा पट्टा ओल्यापेक्षा अधिक फसवा निघतो. नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडू लागतो आणि डोंगरावर धुके असले तर चालकाला फक्त को-ड्रायव्हरच्या आवाजावर विसंबावे लागते. अशा रस्त्यांवर दोन दिवस एकही चूक न करता चौथा क्रमांक राखणे ही सोपी गोष्ट नव्हती, हे गंगापूर रोड यांचे म्हणणे इथे उभे राहिल्यावर अधिक पटते.

दुःखाची बाब म्हणजे २०१९ नंतर जागतिक अजिंक्यपदाची फेरी वेल्समध्ये झालेली नाही.

अबोली

आभारी आहे, आता चित्र स्पष्ट झाले. आणखी एक विचारते. आजच्या नियमांत हेच घडले असते तर?

गंगापूर रोड

चांगला प्रश्न आहे, कारण इथे खरा फरक साइन्झच्या बाबतीत पडत नाही, तो माकिनेनच्या बाबतीत पडतो. आज पहिल्या दिवशी चाक तुटले तर रात्री संघ गाडी दुरुस्त करतो आणि वेळेचा दंड भरून चालक दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटतो. शिवाय २०११ पासून अखेरच्या स्टेजला, म्हणजे पॉवर स्टेजला, वेगळे गुण मिळतात. माकिनेन सोमवारी परतला असता, क्रमवारीत खाली राहिला असता, पण मार्गमच्या स्टेजवर जीव तोडून गुण मिळवायला मोकळा असता. म्हणजे साइन्झला चौथा क्रमांक जपून भागले नसते. साइन्झच्या बाबतीत सांगायचे तर अखेरच्या स्टेजमध्ये इंजिन फुटून रॅलीच पूर्ण झाली नाही, की चौथ्या क्रमांकाचे गुण आजही हातचे जातात.

जुन्या नियमात एक चूक झाली की खेळ संपला. नवा नियम प्रेक्षकांसाठी चांगला आहे, पण जुन्या नियमामुळे प्रत्येक किलोमीटरला जी धार होती ती आता राहिलेली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. वयामुळेही असेल.

उलटा काटा

धार राहिली नाही असे कसे म्हणता येईल? २०२० ची अखेरची फेरी आठवा. महामारीमुळे कापाकापी झालेला हंगाम, इटलीत मोंझाच्या शर्यतीच्या ट्रॅकभोवती आणि जवळच्या डोंगरांत डिसेंबरात घेतलेली रॅली. एल्फिन एव्हन्स १४ गुणांच्या आघाडीने आला होता. शनिवारी बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी घसरून बाहेर गेली आणि सेबास्तियाँ ओझिए सातव्यांदा विश्वविजेता झाला, १२२ विरुद्ध ११४. गाडी बाहेर गेल्यावर एव्हन्सने रस्त्यावर येऊन मागून येणाऱ्या ओझिएला हात दाखवून सावध केले, हे विशेष. ओझिए त्याचाच संघसहकारी होता हे मान्य, पण अजिंक्यपदाची आपली आशा बर्फात रुतलेली असताना हे सुचणे सोपे नव्हे.

आणि २००३? साइन्झ आणि सेबास्तियाँ लोब प्रत्येकी ६३, पेटर सोलबर्ग ६२, रिचर्ड बर्न्स ५८, असे चौघे दावेदार होते. रॅलीला येत असतानाच बर्न्सला गाडीत भोवळ आली. पुढे मेंदूतील गाठीचे निदान झाले. साइन्झ रस्ता सोडून गेला. सोलबर्ग जिंकून ७२ वर पोहोचला, लोब दुसरा येऊन ७१ वर राहिला. संघाचे अजिंक्यपद सुरक्षित राहावे म्हणून सिट्रोएनने लोबला धोका न पत्करण्यास सांगितले होते. लोबने पुढे लागोपाठ नऊ अजिंक्यपदे मिळवली हे ठाऊक असल्याने आपण आज त्या एका गुणाकडे दुर्लक्ष करतो.

वेल्सवासी

बर्न्सचे नाव निघाले आहे म्हणून लिहितो. १९९८ ची ही फेरी जिंकणारा तोच होता, मित्सुबिशी करिझ्मातून. त्या दिवशी त्याच्या विजयाकडे कोणाचे लक्षच नव्हते. सगळे कॅमेरे धूर निघणाऱ्या कोरोलाकडे वळलेले होते. घरच्या जंगलांत, घरच्या लोकांसमोर मिळवलेल्या विजयाची अशी गत व्हावी, हेही क्रूरच म्हणायचे. २००१ मध्ये मात्र त्याच रॅलीत, मॅक्रे आणि माकिनेन दोघेही त्याच्या पुढे असताना, ते दोघे बाद झाले आणि हा तिसरा येऊन ४४ विरुद्ध ४२ असा मॅक्रेपेक्षा दोन गुणांनी विश्वविजेता ठरला. ती तारीख होती २५ नोव्हेंबर. बरोबर चार वर्षांनी, २५ नोव्हेंबर २००५ रोजी, तो गेला. अवघे ३४ वर्षांचे वय होते.

गणितमास्तर

२००१ मध्ये बर्न्सने संपूर्ण हंगामात एकच फेरी जिंकली होती, न्यूझीलंडची. पाच फेऱ्या जिंकणारा माकिनेन १९९८ मध्ये ‘नशीबवान’ आणि एक फेरी जिंकणारा बर्न्स २००१ मध्ये ‘चिवट’. आपण विशेषणे कशी वाटतो ते पाहावे.

टाचणी

मास्तर, हे मात्र अगदी खरे.

घाटमाथा

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली. आपल्या सर्वांच्या लेखनानंतर मी माझे मूळ विधान थोडे बदलतो. साइन्झ २.१ सेकंदांनी हरला असे म्हणण्यात मी टाचणींनी दाखवलेली चूक केली होती. तरीही तीनशे मीटर हे उत्तर मला अजून अपुरेच वाटते, कारण ते आपल्याला शेवटच्या क्षणाकडे पाहायला लावते आणि आधीच्या बारा फेऱ्या झाकून टाकते. पाच दुसरे क्रमांक मिळवणारा चालक आणि पाच विजय मिळवणारा चालक, अशी ती लढत होती. मिलब्रुकचे तेल एकाच्या विरोधात गेले, मार्गमचा रॉड दुसऱ्याच्या. दोघांची खाती अशी सारखी झाल्यावर उरले ते ऑस्ट्रेलियाअखेरचे ५८ आणि ५६.

साइन्झला तिसरे अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. पुढे डाकार ही वाळवंटातील लांब पल्ल्याची रॅली मात्र त्याने चार वेळा जिंकली: २०१०, २०१८, २०२० आणि २०२४. चौथ्या वेळी तो ६१ वर्षांचा होता.

गंगापूर रोड

जाता जाता एक राहिले. टोयोटा २०१७ मध्ये जागतिक रॅलीत परतली आणि २०१८ मध्ये तिने संघाचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या संघाचा प्रमुख कोण होता, तर टॉमी माकिनेन.

उलटा काटा

आणि ती काच कोणी भरून दिली, हे अजून कोणी सांगितलेले नाही.